पालथा सम्राट

काटेसाहेबांना राग यायला सहसा कारण लागत नसे. या खेपेला मात्र होतं, आणि ते मरून साडेनऊशे वर्षं झाली होती.

काटेसाहेब हे काही आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून बाजारातल्या तराजूंचे काटे तपासले, त्याबद्दल बाजारानं बहाल केलेली ही पदवी. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाच्या दुकानदाराचा अंगठा पारड्यावरून आपोआप उठे. चौतीस वर्षांत एकाही खोट्या वजनावर आपला शिक्का पडला नाही, असं ते सांगत. ते खरं होतं. पण ते इतक्यांदा सांगत की एखादा तरी पडला असता तर बरं झालं असतं, असं घरच्यांना वाटू लागलं होतं.

निवृत्तीनंतर कोणी बाग करतं, कोणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतं. काटेसाहेबांना सून नव्हती आणि बागेला जागा नव्हती. त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात बायझंटाइन साम्राज्याच्या सोन्याच्या नाण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं, आणि त्या पुस्तकात सम्राट मायकेल सातवा सापडला. या मायकेलच्या राज्यात सोन्याच्या एका नाण्याला पूर्वी जेवढा गहू मिळे, त्यात पाव माप कमी मिळू लागलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘पावकमी’. एवढ्यावर भागलं नव्हतं. त्याच्या नाण्याचं वजन ठीकठाक होतं, पण आतलं सोनं कमी करून चांदी घुसवलेली होती.

“म्हणजे वजन चोख आणि माल भेसळीचा!” काटेसाहेब दुकानातच गरजले.

दुकानदाराला वाटलं, आपल्यालाच म्हणताहेत. त्यानं घाबरून पुस्तकाची किंमत निम्मी केली.

त्या दिवसापासून काटेसाहेबांनी मायकेलचा पिच्छा पुरवला. लोक छंद म्हणून नाणी जमवतात. हे अटक केल्यासारखी जमवत. आधी हाताला लागले दुसरा बेसिल आणि त्याचा भाऊ, एकाच क्रुसाला दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं नाणं. (“सख्ख्या भावावरसुद्धा विश्वास नाही, बघ!” काटेसाहेब बायकोला म्हणाले. “नीट धरलाय की दोघांनी,” ती म्हणाली. तिला भाऊ होता. तो पुढे येतोच आहे.) आयरीन राणीनं नाण्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःचाच चेहरा छापला होता. ते नाणं परवडणारं नव्हतं म्हणून त्याचं फक्त चित्र आलं, आणि ते बायकोनं फ्रिजवर लावलं. अखेर एका लिलावाच्या यादीतून, स्वयंपाकघराच्या नव्या फरशांच्या पैशांत, आरोपी मायकेल सातवा घरी आला.

आरोपी वाटीत बसून आला होता. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या वाटीचा आहे. त्या काळात ही नाणी सपाट नव्हे, तर उथळ वाटीसारखी पाडत. वाटीच्या बाहेरच्या फुगीर अंगावर येशू ख्रिस्त, आतल्या खोलगट अंगात सम्राट. असं का करत, यावर विद्वानांचं एकमत नाही. विद्वानांचं असतं कशावर?

शेजारीपाजारी बघून गेले. वरच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, “विमा उतरवून टाका. पण आधी हे सरळ करून घ्या, वाकलेल्या वस्तूला हप्ता जास्त पडतो.” समोरच्या बाईंनी ते बोटाच्या टोकावर टोपीसारखं घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “अशी दोन असती तर कानातली छान झाली असती.” दोघांनाही काटेसाहेबांनी चहा अर्धा असतानाच निरोप दिला.

आणि मग शहराच्या संग्रहालयानं नाण्यांचं प्रदर्शन जाहीर केलं. काचेच्या बारा पेट्या, एक महिनाभर, प्रत्येक पेटीखाली संग्राहकाच्या नावाचं कार्ड. त्यातल्या अकरा नाणेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच अडवल्या होत्या. हे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. मायकेल घरी येण्याआधी त्यांनी एकदा काटेसाहेबांची नाणी पाहून “छान छंद आहे हं,” असं म्हटलं होतं. हे ज्या आवाजात म्हटलं, त्याच आवाजात ते लहान मुलांना ‘आता मुळीच दुखणार नाही’ असं सांगतात. काटेसाहेबांना ते आजतागायत ठणकत होतं.

बारावी पेटी रिकामी होती. काटेसाहेबांना ती हवी होती, आणि ते हवंपण साधंसुधं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचं एक वाक्य कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. काचेखाली पावकमी, त्याखाली आपलं नाव आणि समोर उभा राहून वाचणारा एखादा अनोळखी माणूस, एवढंच त्यांना आयुष्याकडून येणं होतं.

संग्रहालयात टेबल क्रमांक तीनवर एक कारकून होता. त्यानं नाणं चिमटीत धरलं, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा नाण्याकडे पाहिलं.

“वस्तूची अवस्था काय लिहू? सपाट, मोडकी की वाकलेली?”

“वाटीसारखी.”

“तसा रकाना नाही.”

“मग रकाना चुकलाय. ते पाडलंच तसं आहे.”

“साहेब, रकाने वरून येतात. सपाट आहे का?”

“नाही.”

“मोडलंय?”

“नाही!”

“मग वाकलंय,” कारकून शांतपणे म्हणाला, आणि त्यानं खूण केली. वाकलेल्या वस्तूंसाठी त्याच्याकडे वेगळा शिक्का होता: ‘दुरुस्त करून पुन्हा सादर करावी’. तो त्यानं अर्जावर धाडकन मारला. “आणि सोनं आहे, म्हणजे परवानाधारक सोनाराचा दाखलाही आणा. सोमवार शेवटचा दिवस.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारलेल्या माणसाच्या अर्जावर शिक्का पडला! काटेसाहेब तिथे जे काही बोलले, त्यातलं ‘मूर्ख’ हे सगळ्यात सौम्य. जिना उतरताना त्यांचे कान तापले, घरी येईपर्यंत मानही तापली. बायकोनं डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाबाच्या यंत्रातला आकडा बघून डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस झोपून राहायचं, बोलायचं नाही.” झोपणं जमलं.

अर्ज आणि नाणं जेवणाच्या टेबलावर पडून राहिलं. तिथे मेहुणा आला.

या मेहुण्याविषयी वाईट बोलण्यासारखं काही नाही, हीच खरी अडचण. सर्वांच्या उपयोगी पडायचं हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय. त्यानं ज्यांना मदत केली, त्यातली बरीच मंडळी आज दुसऱ्या गावी राहतात. त्यानं अर्ज वाचला. ‘दुरुस्त करून पुन्हा सादर करावी.’ ‘सोनाराचा दाखला.’ सगळं कसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

“ताई, दाजींना उठवू नकोस. हे तासाभराचं काम आहे.”

ते पाऊण तासात झालं. घरच्या दागिन्यांचा सोनार पिढीजात कारागीर. त्यानं नाणं लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, वर चामडं ठेवलं आणि लाकडी हातोडीनं इतक्या मायेनं ठोकलं, की चेहऱ्यावर एक ओरखडा उठला नाही. मग तेजाबात बुडवून, ब्रशनं घासून चमकवलं. दाखलाही दिला. वर म्हणाला, “कडी लावून देऊ का? फुकट.” कडीला मात्र मेहुण्यानं नकार दिला. दाजींना विचारल्याशिवाय तो कुठलीच मोठी गोष्ट करत नसे.

काटेसाहेब उठून बाहेर आले, तेव्हा टेबलावर एक चकचकीत, सपाट, गोल चकती होती. त्यावर पावकमी हसत होता. निदान काटेसाहेबांना तसं वाटलं.

“हे काय आहे?”

“नाणं, दाजी. सरळ करून आणलं. दाखला पण आहे.”

बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला, बाजूला ठेवला आणि मग सुरू झाले.

“साडेनऊशे वर्षं! राजधानी पडली, साम्राज्य बुडालं, जहाजं बुडाली, लुटारू आले, वितळवणारे आले! कुणालाही याची वाटी मोडता आली नाही! ती मोडली कुणी? तुझ्या भावानं! रिक्षानं जाऊन!”

“अहो, हळू. डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरांनाही सरळ करून आणायला सांग याला!”

“पण दाजी, अर्जावर लिहिलेलं होतं—”

“अर्जावर तुझं डोकं सपाट करून आण असं लिहिलं असतं तर?”

मेहुणा खरोखरच विचारात पडला. तेवढ्यात काटेसाहेबांनी एक कागद ओढला, ‘प्रदर्शनातून माघार घेत आहे’ अशा एका ओळीचा अर्ज खरडला, खाली सही ठोकली आणि नाणं व अर्ज दोन्ही मेहुण्याच्या अंगावर फेकलं. “हा कागद तिथे नेऊन दे. आणि हे सोनं माझ्या नजरेसमोरून ने! पुन्हा दिसता कामा नये!”

मेहुणा जिना उतरला तो रडवेला होऊन. रडवेला मेहुणा हा उत्साही मेहुण्यापेक्षा धोकादायक. दाजींचं स्वप्न आपण मोडलं, ते आपणच जोडायचं, असं त्यानं पहिल्या मजल्यावर ठरवलं आणि तळमजल्यावर येईपर्यंत तो पुन्हा उत्साही झालेला होता.

सोनार म्हणाला, “परत वाटी करायची? आधीच सांगायचं ना!” त्याच्याकडे छोट्या वाट्या घडवायचा साचा होता. त्यात त्यानं नाणं ठेवलं आणि हलक्या हातानं दाबलं. एक प्रश्न तेवढा त्यानं विचारला: “कुठला चेहरा बाहेर?”

मेहुण्यानं दोन्ही बाजू पाहिल्या. एकीकडे ख्रिस्त, एकीकडे मुकुटवाला मायकेल. दाजी रात्रंदिवस बोलतात ते मायकेलबद्दल. मोठा माणूस तो, त्याला खड्ड्यात कशाला बसवायचं?

“मुकुटवाला बाहेर,” मेहुणा म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यानं नाणं टेबल क्रमांक तीनवर ठेवलं. माघारीचा अर्ज त्यानं खिशातच राहू दिला. रागाच्या भरात लिहिलेलं कोणी द्यायचं असतं का? कारकुनानं शिक्का पाहिला, दाखला पाहिला आणि ‘दुरुस्त’ असा दुसरा शिक्का मारला. वाटी अजून वाटीच होती, पण आता ती दुरुस्त वाटी होती.

चौथ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज चक्क कापत होता.

“काटेसाहेब, तुम्ही बोलला नाहीत कधी! अहो, सम्राट बाहेरच्या अंगावर! आजवर असं एकही नाणं नोंदलेलं नाही. संग्रहालयानं माझ्याकडे तपासायला दिलंय, मी रात्रंदिवस भिंगाखाली बघतोय. टाकसाळीतल्या कोणीतरी मुद्दाम उलटं पाडलंय. राजद्रोह असेल, गुप्त संदेश असेल! मी यावर निबंध लिहितोय. या प्रकाराला तुमचं नाव द्यायचं मंडळानं ठरवलंय.”

काटेसाहेबांनी फोन ठेवला नाही. तो त्यांच्या हातातून पडला.

त्यांनी मेहुण्याला बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं, अगदी साच्यासकट. सांगून झाल्यावर म्हणाला, “पण दाजी, नाव मिळतंय ना? मग झालं तर. कोणाला कळणार आहे?”

“मला!” काटेसाहेब असे ओरडले की वरच्या मजल्यावर विमावाल्यांनी टीव्ही बंद केला.

“घ्या ना हो,” बायको हळूच म्हणाली. “इतकी वर्षं कोणी तुमच्याकडे ढुंकून पाहत नाही म्हणून चिडता. आता बघताहेत, तर बघू द्या.”

हे मात्र काटेसाहेबांना लागलं, कारण ते बरोबर होतं. बारावी पेटी, कार्ड, नाव, वाचणारा अनोळखी माणूस, सगळं हातात आलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. चौतीस वर्षांत किती दुकानदारांनी हेच सांगितलं होतं त्यांना: साहेब, फक्त तोंड बंद ठेवा.

उद्‌घाटनाला ते गेले. इस्त्रीचा सदरा घातला, बूट पुसले. अकरा पेट्यांपुढे कोणी नव्हतं. बाराव्या पेटीपुढे तीन रांगा होत्या. काचेखाली पावकमी पालथ्या वाटीच्या डोक्यावर छाती फुगवून बसला होता. खाली कार्ड: ‘जगातील एकमेव ज्ञात नमुना.’ त्याखाली काटेसाहेबांचं पूर्ण नाव, आजोबांपासून.

संग्रहालयाच्या संचालक बाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं. काटेसाहेब बोलले तेवढेच.

“खोटं आहे.”

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. किती हा साधेपणा!

“अहो, साधेपणा नाही! हे माझ्या मेहुण्याच्या सोनारानं आधी सपाट केलं आणि मग उलटं वाकवलं! गेल्या सोमवारी!”

डॉक्टर उठून उभे राहिले. प्रेमळपणे हसत त्यांनी काटेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, “पाहा, हाच खऱ्या संग्राहकाचा संशयी स्वभाव. पण विचार करा, मंडळी. खोटं करणारा माणूस इतकी ढोबळ चूक करेल का? पहिलीतल्या मुलालाही कळेल अशी? नाही! म्हणजे ते खरंच असलं पाहिजे. धातू तपासला, वजन तपासलं. सगळं त्या काळातलं.”

“धातू खरा आहे, वजन खरं आहे! वाटी खोटी आहे!”

“वाटीचा कसला खोटेपणा?” कोणीतरी विचारलं, आणि लोक हसले.

काटेसाहेब तडक सोनाराकडे गेले. सोनारानं वर्तमानपत्र वाचलेलं होतं. पुराणवस्तूला हातोडी लावल्याबद्दल परवाना जातो, हेही त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं. “मी?” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “साहेब, मी असलं काम करीन? मला तर ते नाणं आठवतसुद्धा नाही. फार सुंदर होतं.”

मेहुणा मात्र साक्ष द्यायला एका पायावर तयार होता. टेबल क्रमांक तीनवर त्यानं मनापासून साक्ष दिली. कारकुनानं ती ऐकून घेतली आणि म्हणाला, “नातेवाइकाची साक्ष चालत नाही.”

मग काटेसाहेब संचालक बाईंच्या खोलीत गेले. बाई म्हणजे मूर्तिमंत सौजन्य. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

“कार्ड बदलायचं तर आक्षेप नोंदवावा लागेल. आक्षेपासोबत नाण्याच्या मालकाचा ना-हरकत दाखला जोडा.”

“मालक मीच आहे.”

“मग तर सोपं आहे. तुमची हरकत नाही असं लिहून द्या.”

“हरकत माझीच आहे!”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग ना-हरकत कशी देणार तुम्ही?”

“नाणं परत द्या. मी घरी नेतो.”

“प्रदर्शन संपेपर्यंत नेता येत नाही. नियम आहे. आणि संपल्यावरही,” बाई आनंदानं म्हणाल्या, “आम्ही ते कायमचं ठेवून घेण्याचा प्रस्ताव पाठवलाय. तुमच्या नावासकट.”

दुसऱ्या दिवसापासून काटेसाहेब सकाळी दहाला, दार उघडता उघडता, संग्रहालयात हजर होऊ लागले. ते बाराव्या पेटीशेजारी उभे राहत. कोणी वाचायला वाकलं की घसा साफ करून सांगत, “वाचू नका. खोटं आहे. खरा सम्राट आत बसलेला असतो, बाहेर नाही. हा मायकेल सातवा. एक नंबरचा भेसळखोर! ऐका...” आणि मग कॉन्स्टँटिनोपलचा गहू, चांदीची भेसळ, सोनाराचा साचा, मेहुण्याची रिक्षा, सगळं संतापानं, हातवारे करत, सुरुवातीपासून. शाळेच्या सहली थांबून ऐकत. एक आजीबाई दोनदा आल्या. दुसऱ्यांदा बहिणीला घेऊन. टाळ्याही पडत. टाळ्या पडल्या की काटेसाहेबांचं डोकं अधिकच फिरे, कारण टाळ्या वाजवून झाल्या की ती माणसं पेटीपाशी जाऊन कार्डाचा फोटो काढत.

बायको डबा द्यायला येई. एकदा मागे उभी राहून तिनं सगळं ऐकलं. “घरी इतकं छान कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“हे छान नाही! ही तक्रार आहे!”

नवव्या दिवशी दालनाचा पहारेकरी त्यांच्याजवळ आला. भला माणूस. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोपराला धरून काटेसाहेबांना खांबाआड नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आजोबा, रोज बघतोय मी. रोज येता आणि चारचौघांत सांगता की हे नाणं खोटं आहे. मला काही त्यातलं कळत नाही. पण बरं दिसत नाही हो. त्या कार्डावर ज्याचं नाव आहे त्याच्या कानावर गेलं, तर त्याला काय वाटेल?”

काटेसाहेबांनी कोपर सोडवून घेतलं. त्यांचे कान तापले, मान तापली.

“त्याला,” ते म्हणाले, “भयंकर राग आलाय!”

“येणारच,” पहारेकरी समजुतीनं म्हणाला. “तेच म्हणतोय मी. कशाला एखाद्याच्या चांगल्या नावावर उठायचं?” आणि त्यानं काटेसाहेबांना हलक्या हातानं दाराबाहेर नेऊन सोडलं.